नऊ एकांचा डोंगर

संख्येशी आपले नाते बहुधा कामापुरते असते. दुधाचा हिशेब, एस.टी.चे भाडे, परीक्षेचा आसनक्रमांक, कापसाचा भाव! काम झाले की आपण संख्येला विसरतो आणि तीही आपल्याला विसरते. एखाद्याला पौर्णिमेचा चंद्र आवडतो, एखाद्याला पारिजातक आवडतो, एखाद्याचा जीव जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजात अडकलेला असतो. त्याबद्दल कोणी त्याला जाब विचारीत नाही. परंतु “मला एक संख्या फार आवडते,” असे चारचौघांत म्हणून पाहा! ऐकणारा आधी तुमच्या तोंडाकडे पाहील आणि मग हळूच विचारील, “लॉटरीचा नंबर आहे का?”

माझी आवडती संख्या लॉटरीची नाही. ती सतरा अंकी आहे आणि ती अशी दिसते :

१२३४५६७८९८७६५४३२१

डावीकडून वाचा की उजवीकडून वाचा, ती तीच राहते. एकापासून चढत चढत नवापर्यंत जावे आणि आल्या पावली उतरत उतरत पुन्हा एकावर यावे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना एकेक वळण मागे टाकावे आणि संध्याकाळी तीच वळणे उलट्या क्रमाने भेटावीत, तशी तिची रचना आहे. चढताना जे जे दिसले, ते ते उतरताना दिसते. फक्त शिखर एकदाच.

आता ही संख्या वाचायची कशी? आपल्या नेहमीच्या रीतीने वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस! कोटींचेच कोटी झाल्यामुळे जीभ अडखळते. आपल्या पूर्वजांची जीभ मात्र अडखळत नसे. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. या नावांनी आपली संख्या वाचून पाहा : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतार, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मी ही ओळ पहिल्यांदा मोठ्याने म्हटली तेव्हा मला आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीची आठवण झाली. परार्धाची पायरी तिच्यापासून अवघी एक पाऊल दूर आहे.

मोठी म्हणजे किती मोठी? समजा, दर सेकंदाला एक याप्रमाणे कोणी न झोपता, न जेवता मोजीत बसला, तर एका वर्षात तो सुमारे सव्वातीन कोटींच्या अलीकडेच राहील. माझ्या संख्येपर्यंत पोचायला त्याला एकोणचाळीस कोटींहून अधिक वर्षे लागतील. आपल्या वऱ्हाडची काळी माती ज्या खडकापासून झाली, तो लाव्हारस पृथ्वीच्या पोटातून वर आला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. त्या काळाच्याही सहापट! आणि एवढी अवाढव्य संख्या वहीच्या एका ओळीत निमूटपणे मावते. अंकांच्या स्थानाला किंमत देणाऱ्या ज्या कोणा माणसांनी ही सोय करून ठेवली, त्यांचे उपकार आपण रोज घेतो आणि एकदाही आठवत नाही.

परंतु नुसती मोठी म्हणून ही संख्या मला आवडते असे नाही. मोठ्या संख्या काय, कोणीही लिहाव्यात! नवल आहे ते तिच्या जन्मात. नऊ वेळा एक लिहा : १११११११११. या संख्येला तिनेच गुणा. बस्स. उत्तर म्हणजे आपला डोंगर.

हा डोंगर एकदम उभा राहात नाही. त्याच्या आधी लहान लहान टेकड्या आहेत :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

आणि असेच पुढे. असे का होते, हे समजायला मोठे गणित लागत नाही. चौथीतला गुणाकार पुरतो. १११ ला १११ ने गुणताना आपण काय करतो? १११ ची एक ओळ लिहितो. तिच्याखाली पुन्हा १११, पण एक घर डावीकडे सरकवून. तिच्याखाली तिसरी ओळ, आणखी एक घर सरकवून. आता उभ्या रांगांत पाहा. उजवीकडच्या पहिल्या रांगेत एकच एक आहे, दुसऱ्या रांगेत दोन, मधल्या रांगेत तीन, मग पुन्हा दोन, मग एक. बेरीज म्हणजे प्रत्येक रांगेतले एक मोजणे. नऊ एक घेतले की नऊ ओळी होतात आणि मधल्या रांगेत नऊ एक एकाखाली एक येऊन उभे राहतात. तेच शिखर. थोडक्यात, ही संख्या म्हणजे एकेका रांगेत किती जण उभे आहेत, याची हजेरी आहे.

ही मौज फार जुनी आहे. इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्य नावाच्या जैन गणितीने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. वेरूळचे कैलास लेणे ज्या राजघराण्याच्या काळात खोदले गेले, त्या राष्ट्रकूटांपैकी अमोघवर्षाच्या आश्रयाने तो राहात होता. त्याच्या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या आलेली आहे आणि तिचे वर्णन त्याने असे केले आहे की, ती एकापासून सुरू होते, सहापर्यंत जाते आणि मग क्रमाने कमी होत जाते. सहा एकांचा डोंगर! अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी कोणी एक माणूस हीच चढण चढला होता आणि वर उभा राहून त्याला बरे वाटले होते, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

विसाव्या शतकात या संख्यांना नाव मिळाले ते आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांमुळे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे ते मास्तर. १९०५ साली डहाणूला जन्म, ठाण्याला शाळा, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, १९२९ साली बी.एस्सी. आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी. त्यापुढची मोठी पदवी त्यांच्याजवळ नव्हती. शाळा सुटल्यावर हा माणूस संख्यांशी खेळत बसे. त्या काळच्या ‘जी.आय.पी.’ रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. या डोंगरासारख्या संख्यांचा अभ्यास करावा ही कल्पना त्यांना तेथे सुचली, म्हणून त्यांनी त्यांचे नाव ‘डेम्लो संख्या’ ठेवले. आमची ही सतरा अंकी बाई म्हणजे डेम्लो घराण्यातली थोरली. पुढे त्यांच्या आणखी एका शोधातल्या संख्यांना लोक ‘देवळाली संख्या’ म्हणू लागले. राजाच्या नावाने नगरे वसतात हे इतिहासात वाचले होते. रेल्वेच्या स्टेशनांवरून संख्यांना नावे मिळाल्याचे मात्र हे एकच उदाहरण माझ्या वाचनात आले आहे.

मी अकोल्याची आणि शिकायला अमरावतीला. त्यामुळे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा हा सुमारे ऐंशी किलोमीटरांचा प्रवास माझ्या पाचवीला पुजलेला. खिडकीशी बसून एकदा माझ्या ध्यानात आले की, डोंबिवली, देवळाली, अकोला, बडनेरा ही सारी एकाच लोहमार्गावरची गावे आहेत! आणि वाटेत चाळीसगावही लागते, ज्याच्याजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. अमरावतीहून मुंबईला जाणारी गाडी यातली बरीचशी गावे रात्रीच्या अंधारात ओलांडते. डब्यात सगळे झोपलेले असतात. ‘लीलावती’ मागे पडते, देवळाली मागे पडते, डेम्लो मागे पडते, आणि कोणाला पत्ताही नसतो. माझ्या मते, ही आपल्या मराठी मुलखाची गणिताची वारीची वाट आहे. फक्त तिच्यावर दिंडी निघत नाही.

कापरेकरांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांना ‘हर्षद’ असे सुंदर नाव दिले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद. उदाहरणार्थ, १८ : एक आणि आठ मिळून नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. आता आपल्या डोंगराची बेरीज करून पाहा. एकपासून नऊपर्यंत पंचेचाळीस, आठपासून एकपर्यंत छत्तीस, एकूण एक्याऐंशी. आणि एक्याऐंशीने या सतरा अंकी संख्येला निःशेष भाग जातो! भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे आमची संख्या हर्षदही आहे. तिला भागणाऱ्या संख्या, एक आणि ती स्वतः धरून, बरोबर पंचेचाळीस. तिचे मूळ घटक फक्त तीन आहेत : ३, ३७ आणि ३३३६६७. तीन चार वेळा, बाकीचे दोघे दोन दोन वेळा. एवढ्या मोठ्या डोंगराच्या पायात तीनच दगड!

एवढेच नाही. नऊ एकांना नवाने भागले, तर १२३४५६७९ येतात. पुन्हा पाहा. त्यात आठ नाही! सातानंतर एकदम नऊ. मी हे कागदावर करून पाहिले. अकराला नवाचा भाग एकदा, उरले दोन. एकवीसला दोनदा, उरले तीन. एकतीसला तीनदा, असे करत करत एकाहत्तरला सात वेळा भाग जाऊन आठ उरतात. त्यापुढे शेवटचा एक मांडला की एक्याऐंशी. आणि एक्याऐंशीला भाग जातो नऊ वेळा, बाकी शून्य. आठाला बसायला जागाच मिळत नाही. हीच आठ नसलेली संख्या घेऊन तुम्ही शेजारच्या मुलांना जादू दाखवू शकता. “आवडता अंक सांग,” म्हणावे. त्याने पाच म्हटले की पाच नव्वे पंचेचाळीसने १२३४५६७९ ला गुणायला लावावे. उत्तर : ५५५५५५५५५!

“हे सगळे एका आर्ट्सच्या मुलीने कशाला सांगावे?” असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल. तो नवा नाही. दहावीनंतर मी कला शाखा घेतली ती मराठी वाङ्मयाच्या ओढीने. गणितात मला चांगले गुण होते. पण आमच्याकडे असा एक समज आहे की, ज्याला गणित जमत नाही तो आर्ट्सला जातो. लग्नकार्यात कोणी विचारले, “काय करतेस?” आणि मी उत्तर दिले की, समोरच्या चेहऱ्यावर एक समजूतदार करुणा पसरते. त्यातूनही मी संख्यांबद्दल बोलू लागले की ती करुणा काळजीत बदलते. जणू काही एका गावची शिधापत्रिका दाखवून मी दुसऱ्या गावचे धान्य मागते आहे! कविता मराठीवाल्यांची, बेडूक जीवशास्त्रवाल्यांचा आणि संख्या गणितवाल्यांच्या, अशी वाटणी करून आपण मोकळे झालो आहोत.

म्हणूनच कापरेकर मास्तर मला जवळचे वाटतात. त्यांच्या काळातल्या पुष्कळ विद्वानांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. स्वतःच्या खर्चाने ते पुस्तिका छापीत, गणिताच्या परिषदांना जात. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला त्यांची ओळख पटली. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पेन्शन पुरत नसल्याने ते उतारवयात शिकवण्याही करीत. १९८६ साली देवळालीलाच ते वारले. आज ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध अंकाला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा कीर्तीच्या आधीची चाळीस-पंचेचाळीस वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. शाळा सुटली आहे, शाईची दौत समोर आहे, आणि कोणीही पाहात नसताना एक माणूस गुणाकार करतो आहे.

असा आणखी एक माणूस मी पाहिला आहे. माझे आजोबा. आम्ही त्यांना आबा म्हणतो. अकोल्याच्या कापूसबाजारात एका अडतीच्या दुकानी त्यांनी उभी हयात दिवाणजी म्हणून काढली. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे त्यांना तोंडपाठ. ‘तेरा सव्वे सव्वासोळा’, ‘सात औटे साडेचोवीस’ हे शब्द मी पाळण्यातल्या गाण्यांच्या आधी ऐकले असावेत. गाड्या रिकाम्या होत आहेत, हमाल ओरडत आहेत, भाव वरखाली होत आहे, आणि आबा कागद न घेता मणांचे रुपये करीत आहेत, असे त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात.

गेल्या दोन वर्षांपासून आबांची स्मृती त्यांना सोडून चालली आहे. डॉक्टरांनी त्या आजाराला एक लांबलचक नाव दिले आहे. आम्ही आपले ‘आबा विसरतात’ एवढेच म्हणतो. आधी त्यांनी शेजाऱ्यांची नावे विसरली, मग गल्लीतले वळण, मग मला. मला ते आत्याच्या नावाने हाक मारतात. पण पाढे? पाढे जागच्या जागी आहेत. रात्री झोपेतसुद्धा औटकी चालू असते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्यासमोर पाटी ठेवली आणि नऊ एक लिहून म्हटले, “आबा, याले यानंच गुणता काय?” त्यांनी माझ्याकडे न पाहता पेन्सिल घेतली. ओळीमागून ओळ, एकेक घर सरकवून, जुन्या वळणाचे रेखीव एक. बेरीज मांडली तेव्हा ते थांबले. बोटाने डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे गेले. “हातचा आलाच नाई!” ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले. मग स्वतःच म्हणाले, “आनखी एक लावून पाहू.”

दहा एक झाले. दहा ओळी. पाटी अपुरी पडली म्हणून आईने वाणसामानाच्या यादीचा कागद आणून दिला. उजवीकडून एक, दोन, तीन असे नऊपर्यंत सुखाने आले. दहाव्या रांगेत दहा एक होते. आबांनी शून्य मांडला, हातचा एक घेतला. पुढच्या रांगेत नऊ आणि हातचा एक, पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढे आठ आणि हातचा एक, नऊ. मग सात, सहा, पाच, उतरत एकापर्यंत. उत्तर आले :

१२३४५६७९००९८७६५४३२१

डोंगराचे शिखर खचले होते. माथ्यावर दोन शून्यांचा खड्डा पडला होता आणि डाव्या अंगाला सातानंतर एकदम नऊ. आबांनी चष्मा सारखा केला आणि विचारले, “इकडचा आठ कुठी गेला वं पोरी?” मी काही बोलणार, तोच त्यांनीच पेन्सिल त्या जागी टेकवली. “हातच्यानं खाल्ला त्याले.”

दाराशी उभे असलेले मोठेबाबा हे सारे पाहात होते. “कायले त्रास देतं त्यायले?” ते मला म्हणाले, “याच्यानं काय होते बाप्पा? पोट भरते काय?”

मोठेबाबांचे बोलणे मायेपोटीच होते आणि त्यांचा प्रश्नही खोटा नाही. या संख्येने पोट भरत नाही. तिने कापसाला भाव मिळत नाही, की आबांची स्मृती परत येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना पाटीही आठवत नव्हती आणि संख्याही. मी पुन्हा नऊ एक लिहिले. त्यांनी पुन्हा तितक्याच नवलाने “हातचा आलाच नाई!” म्हटले, पुन्हा दहावा एक लावला, पुन्हा आठ हरवल्याचे पाहिले आणि पुन्हा त्याचे कारण शोधून काढले. आदल्या दिवशीचे त्यांना काही आठवत होते म्हणून नव्हे. ते कारण तेथे होतेच, आणि ते शोधण्याची रीत त्यांच्या बोटांत होती.

त्या सुटीनंतर मला या संख्येबद्दल एक गोष्ट नीट कळली. नऊ टेकड्या ओळीने सुंदर दिसल्या म्हणून दहावीही तशीच दिसेल, असे मानणे म्हणजे श्रद्धा झाली. दहावी करून पाहणे, ती मोडली तर का मोडली हे रांगेत बोट ठेवून सांगता येणे, हे ज्ञान. पहिल्या नऊ वेळा नियम का चालतो आणि दहाव्या वेळी का चालत नाही, या दोन्हींचे उत्तर एकच आहे : एका घरात नवापर्यंतच माणसे मावतात. सौंदर्य ज्या कारणाने उभे राहिले, त्याच कारणाने ते संपले. मी मराठी वाङ्मयाच्या तासाला कवितेबद्दल जे ऐकते, त्याहून हे फार दूरचे आहे असे मला वाटत नाही.

मोबाइलवरच्या गणकयंत्रात मी हा गुणाकार करून पाहिला. त्याला सतरा अंक दाखवायला जागा नव्हती. त्याने पुढचे काही अंक देऊन शेवटी एक खूण केली आणि हात झटकले. संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्याने तर १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर दिले. तो पंधराच अंक खरे धरतो. पुढच्या घरांत शून्ये भरतो. शेवटच्या दोन पायऱ्या, दोन आणि एक, त्याने बिनदिक्कत पुसून टाकल्या. यंत्राची मी निंदा करीत नाही. मोठाली कामे तेच करते, आणि वेगळ्या रीतीने सांगितले तर सगळे अंकही नीट देते. परंतु त्या तक्त्यात तो डोंगर अर्धवट उतरून थांबलेला पाहिला, तेव्हा वाणसामानाच्या कागदावरचे आबांचे एक मला अधिक भरवशाचे वाटले.

मोठेबाबांना मी अजून उत्तर दिलेले नाही. कापसाचा भाव उद्या काय असेल हे कोणी सांगू शकत नाही. माणसांची नावे, घरची वळणे, आपली स्वतःची ओळखसुद्धा हातातून निसटू शकते, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. अशा वेळी महावीराचार्यांना जी दिसली, देवळालीच्या मास्तरांना जी दिसली आणि विसरलेल्या आबांना दोन दिवसांत दोनदा जी जशीच्या तशी सापडली, अशी एखादी वस्तू जगात आहे, याचा मला आधार वाटतो. तो पोटाला पुरत नाही हे कबूल. पण ज्याला तो हवा असेल त्याला प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही, शाखा बदलावी लागत नाही आणि कोणाची शिफारसही लागत नाही.

तेव्हा वाचकहो, हा अंक बाजूला ठेवल्यावर एवढे करा. एक कोरा कागद घ्या, नऊ एक लिहा आणि हातानेच गुणा. मग दहावा एक लावा आणि आठ कुठे जातो ते स्वतः पाहा. कागद मात्र आडवा धरा. एकोणीस अंकांना उभे पान पुरत नाही.